चित्रकार बाईंचं चरित्र लिहायला घेताना

आपल्याकडे चित्रकार स्त्रियांवरचे लेख बहुतेक एकाच चालीत जातात. जन्म, जे. जे. स्कूल, प्रदर्शनं, बक्षिसं आणि शेवटी एका ओळीत उरकलेलं अध्यापन. ती एक ओळ म्हणजे कित्येकींचं निम्मं आयुष्य असतं. मी सध्या आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचं चरित्र लिहिते आहे. बाई आता नाहीत. त्यांच्या घरच्यांनी ट्रंक, वह्या, चित्रं मोकळ्या मनाने पाहू दिली. तुमच्या ओळखीत, घरात अशा कोणी बाई असतील तर हे काम कसं करावं, ते सांगते.

सुरुवात नावांपासून करा. माहेरचं, सासरचं, सहीतलं, शाळेच्या मस्टरवरचं अशी सगळी नावं एका कागदावर उतरवा. मराठी घरांत लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, त्यामुळे कॅटलॉगमधली आद्याक्षरं पार वेगळी होतात आणि एकाच बाईंच्या दोन चित्रकार होऊन बसतात. इंदूरच्या देवयानी जाधव आणि दिल्लीच्या मॉडर्न स्कूलमध्ये शिकवणाऱ्या देवयानी कृष्ण या एकच, हे ठाऊक नसेल तर त्यांची सुरुवातीची वर्षं हातातून निसटतील. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ सालची. त्यांच्या वार्षिक प्रदर्शनांचे जुने कॅटलॉग मिळाले तर दोन्ही नावांनी चाळा. घरात वडील किंवा नवरा चित्रकार असेल तर त्यांचेही कागद बघा. म. वि. धुरंधरांची मुलगी अंबिका धुरंधर यांनी आपल्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या, पण सगळ्यांना तेवढी सवड मिळत नाही.

मग चित्रं पालथी करा. पुढून बघण्याआधी मागून बघा. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर बरेचदा प्रदर्शनाची चिठ्ठी असते, प्रवेश क्रमांक, किंमत, फ्रेमवाल्याचा शिक्का असतो. साल नसलं तरी पत्त्यावरून पुष्कळ कळतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पत्त्यात नुसतं ‘मुंबई ४’ असेल तर चिठ्ठी बहुधा त्याआधीची, ‘४०० ००४’ असेल तर नक्की नंतरची. रंगांच्या दुकानाचं बिल आण्यांत असेल तर ते १ एप्रिल १९५७ च्या आसपासचं किंवा आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ छापलेलं असेल तर १९५७ ते १९६४ हा काळ धरा. मात्र चिठ्ठीवरून त्या चिठ्ठीचा काळ कळतो, चित्राचा नव्हे. जुनं चित्र वीस वर्षांनी नव्या फ्रेममध्ये गेलेलं असू शकतं, म्हणून वहीत दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा.

तारीख नसलेल्या चित्रांना घाबरू नका. चित्रकार नसरीन मोहम्मदी १९७२ पासून बडोद्याच्या विद्यापीठातल्या ललित कला विभागात शिकवत होत्या, १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. आज जगभरच्या संग्रहालयांत त्यांची रेखाटनं लागतात, पण त्यांनी बहुतेक कामांना ना नाव दिलं, ना तारीख घातली. अभ्यासक रेषेच्या बदलत्या चालीवरून अंदाजाने क्रम लावतात. तुम्हीही ‘सुमारे १९६५’ असं लिहा आणि शेजारी कारण लिहा. कारण लिहिलेलं असलं की पुढच्या माणसाला तुमचा अंदाज तपासता येतो, दुरुस्तही करता येतो.

आता वर्ग. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि इथेच लोक सगळ्यात कमी देतात. शाळेत अर्ज करून सेवापुस्तक बघायला मागा. डी.टी.सी., ए.टी.डी. किंवा ए.एम. यांसारखा कलाशिक्षकाचा अभ्यासक्रम कधी केला, कधी कायम झाल्या, बिनपगारी रजा कधी घेतली, हे त्यात सापडतं. शाळेचे वार्षिक अंक चाळा, मुखपृष्ठं आणि आतली रेखाटनं पुष्कळदा बाईंचीच असतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या मुलामुलींना गाठा आणि सरावाचे जुने कागद मागा. माणसं असे कागद जपून ठेवतात, आपण विचारत नाही एवढंच.

असाच एक कागद मला बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीकडे मिळाला. वस्तुचित्राचा सराव, पितळी तांब्या. मुलीने तांब्याचं तोंड आणि बूड दोन्ही सारख्याच चपट्या लंबगोलांत काढलेलं. बाईंनी तिच्या रेषेला हात लावलेला नाही. समासात पेन्सिलीने छोटा तांब्या काढला आहे, डोळ्याच्या पातळीची आडवी रेघ ओढली आहे आणि त्या रेघेपासून खाली जाताना लंबगोल कसा उघडत जातो ते तीन टप्प्यांत दाखवलं आहे. तोंड चपटं, पोट जरा फुगीर, बूड सगळ्यात गोल. तो कागद घेऊन मी बाईंच्या तैलरंगातल्या स्थिरचित्रासमोर बसले. त्यात सगळी भांडी नजरेच्या बरीच खाली ठेवलेली आहेत, जवळजवळ वरून पाहिल्यासारखी, आणि प्रत्येक तोंड भरपूर उघडं. वर्गात रोज जे शिकवत होत्या त्याचाच त्या घरी रंगांत शोध घेत होत्या, असं मला वाटतं आणि पुस्तकात मी तसं लिहिणार आहे.

म्हणून एक तक्ता करा. डावीकडे साल, मध्ये चित्रं, उजवीकडे शाळा आणि घर. बाईंच्या निसर्गचित्रांवरच्या तारखा मी अशा मांडल्या तेव्हा जवळजवळ सगळ्या मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत पडल्या. प्रदर्शन नसलेली वर्षं रिकामी समजू नका. उजवा रकाना वाचला की ती कशात गेली ते दिसतं.

मुलाखती घेताना ‘बाई कशा होत्या?’ असं विचारू नका. ‘फार प्रेमळ’, ‘फार कडक’ यापलीकडे काही मिळत नाही. समोर चित्र किंवा कागद ठेवा आणि बारीकसारीक विचारा. बाई फळ्यावर काढून दाखवायच्या की बाकाशी येऊन? खोडरबर वापरू द्यायच्या? रंग नसलेल्या मुलांचं काय करायच्या? आवाज रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या.

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, कॅमेरा चित्राला समांतर धरून काढा. काच असेल तर कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा, प्रतिबिंब जातं. मोजमाप आधी उंची, मग रुंदी, सेंटिमीटरमध्ये.

छापण्याआधी वारसांची लेखी परवानगी हवी. चित्र ज्याच्या भिंतीवर आहे त्याच्याकडे कॉपीराइट असतोच असं नाही. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून तो ६० वर्षं टिकतो.

मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद कागद पिवळा करतो. ट्रंकेतला क्रम मोडण्याआधी फोटो काढा आणि काम झालं की त्याच क्रमाने परत ठेवा. स्कॅनचा एक संच घरच्यांना द्या, एक शाळेच्या ग्रंथालयात, आणि ज्यांनी तुम्हाला सरावाचे कागद दिले त्या प्रत्येकाला त्याच्या कागदाची प्रत.