ओर्विएतो कसं बघायचं: आधी डोंगर, मग गाव, मग जमिनीखालचं गाव

इटलीत रोमहून फ्लॉरेन्सकडे जाताना मध्येच एक सपाट माथ्याचा डोंगर दिसतो, चारी बाजूंनी कडे तुटलेले आणि वर आख्खं गाव वसलेलं, ते ओर्विएतो. बरेच जण इथे तीन-चार तास काढतात, चर्चसमोर फोटो, एक जेलातो, की निघाले. माझं सांगणं एवढंच की एक रात्र तरी राहा, कारण दुपारनंतर डे-ट्रिपवाले उतरून गेले की गल्ल्या गावकऱ्यांच्या होतात, आणि निम्मं गाव तर जमिनीच्या खाली आहे, ते घाईत बघून होत नाही.

आधी ट्रेन. रोमच्या तेरमिनी स्टेशनवरून साधी रिजनल म्हणजे जवळच्या पल्ल्याची गाडी पकडा, सव्वा ते दीड तास लागतो. रिजनलचं तिकीट आधी काढून ठेवायची गरज नसते, भाडं ठरलेलंच असतं. पण कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये पंच करायला विसरू नका, नाहीतर दंड बसतो. गाडी भाड्याने घेतली असेल तर वर गावात नेऊ नका, जुन्या भागात झेडटीएल म्हणजे ठराविक गाड्यांनाच परवानगी असते आणि कॅमेरे लावलेले असतात. खाली काम्पो देल्ला फिएराच्या पार्किंगला लावा, तिथून लिफ्ट आणि सरकते जिने थेट कड्यातून वर आणून सोडतात.

ट्रेनने आलात तर स्टेशनच्या समोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची रेल्वे आहे. 1888 साली ती पाण्याच्या वजनावर चालायची, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो खाली येताना दुसऱ्याला वर ओढायचा. आता विजेवर चालते आणि दोनेक मिनिटांत वरच्या पिआत्सा काहेन या चौकात पोचवते. तिथून छोटी बस दुओमोपर्यंत, म्हणजे इथल्या मुख्य चर्चपर्यंत जाते, पण सामान कमी असेल तर चालतच जा. रस्ते दगडी आहेत, त्यामुळे चाकाच्या मोठ्या बॅगा घेऊन येऊ नका आणि बूट चांगल्या ग्रिपचे घाला.

वर आल्यावर तिकिटांचा विचार एकदाच करा. कार्टा उनिका नावाचं एकत्र तिकीट मिळतं, त्यात बहुतेक मुख्य जागा येतात, तीन-चार ठिकाणी जाणार असाल तर तेच परवडतं.

दुओमोला दुपार कलल्यावर जा. दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे, उतरतं ऊन सोनेरी मोझॅइकवर पडलं की सगळी भिंत पेटल्यासारखी दिसते. बांधकाम 1290 मध्ये सुरू झालं आणि पुढे काही शतकं चाललं, दर्शनी बाजूचं मुख्य श्रेय सिएनाच्या लोरेन्झो मैतानीला जातं. सगळे वर बघत राहतात, तुम्ही खाली बघा. दारांच्या बाजूच्या चार रुंद खांबांवर डोळ्यांच्या उंचीपासूनच कोरीवकाम सुरू होतं, डावीकडे सृष्टीची उत्पत्ती, झोपलेल्या आदमच्या बरगडीतून ईव्ह बाहेर येतेय, आणि अगदी उजवीकडे नरक, सापांनी विळखा घातलेली माणसं, एकेकाच्या तोंडावरची किंकाळी दिसते. यासाठी सावकाश अर्धा तास द्या.

आत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उजवीकडचं सान ब्रिझिओ चॅपल अजिबात चुकवू नका. फ्रा आंजेलिकोने 1447 मध्ये छताचं काम सुरू केलं ते अर्धवट राहिलं, मग 1499 पासून लुका सिन्योरेल्लीने ते पूर्ण करून भिंती रंगवल्या. एका भिंतीवर मेलेली माणसं पांढऱ्या जमिनीतून वर येतायत, कुणी कमरेपर्यंत निघालंय आणि दोन्ही हात टेकून स्वतःला वर ढकलतंय, शेजारी नुसते सांगाडे उभे आहेत. ख्रिस्तविरोधकाच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यातले दोघे उभे आहेत, ते स्वतः सिन्योरेल्ली आणि फ्रा आंजेलिको असं मानतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीखाली जा. हा डोंगर तुफो म्हणजे ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ दगडाचा, सहज कोरता येतो, म्हणून इथे एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांच्या काळापासून लोक खणतच आलेत आणि बाराशेच्या आसपास गुहा-तळघरं सापडलीयत. गाईडबरोबरच जाता येतं, टूर दुओमोच्या चौकातून निघते. आत तेलाचा घाणा आहे, आणि भिंतीत ओळीने कोरलेले चौकोनी कोनाडे, ती कबुतरांची घरं. वेढा पडला तरी कबुतरं बाहेर जाऊन चरून परत येणार आणि लोकांना खायला मिळणार, काय डोकं लावलंय बघा! कबुतर म्हणजे पालोम्बा आजही इथल्या मेनूवर असतं. बंद जागेचा त्रास होत असेल तर एखादा पॅसेज अरुंद आहे, आधी विचारून घ्या.

मग पोत्सो दी सान पात्रित्सिओ ही विहीर, फ्युनिक्युलरच्या वरच्या स्टेशनला लागूनच, त्यामुळे परतताना ठेवली तरी चालते. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला, वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं म्हणून त्याने वास्तुरचनाकार आंतोनिओ दा सांगाल्लोला ही खोदायला लावली. सुमारे 53 मीटर खोल, आणि आत गोल फिरणारे दोन वेगळे जिने, एकाने उतरायचं, तळाशी छोटा पूल ओलांडायचा आणि दुसऱ्याने चढायचं. पाणी वाहणाऱ्या खेचरांची समोरासमोर गाठ पडू नये म्हणून ही सोय. प्रत्येक जिन्याला 248 पायऱ्या, रुंद आणि उतरत्या. गुडघे दुखत असतील तर वरूनच डोकावा, आणि उन्हाळ्यातही आत गार असतं म्हणून पातळ जॅकेट जवळ असू द्या.

जेवणाचं थोडक्यात. उम्ब्रिकेल्ली नावाचा जाड हातवळणीचा पास्ता घ्या, शाकाहारी असाल तर ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी अळंबी) किंवा टोमॅटोचा, मात्र सॉसमध्ये मांस नाही ना हे विचारूनच ऑर्डर द्या. उंब्रियाचा, म्हणजे या प्रांताचा पाव अळणी असतो, मीठ विसरलेत असं समजू नका. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी थोडे पैसे लागतात, ती फसवणूक नाही. वाइन पीत असाल तर पांढरी ओर्विएतो क्लासिको.

वेळ उरला तर कड्याच्या पायथ्याशी क्रोचिफिस्सो देल तुफोचं एत्रुस्कन दफनस्थान बघा, इसवी सनपूर्व सहाव्या शतकातलं, थडगी घरांसारखी सरळ गल्ल्यांमध्ये मांडलेली आणि दारावरच्या दगडात मालकाचं नाव कोरलेलं. आणि चिविता दी बान्योरेज्यो या जवळच्या डोंगरमाथ्यावरच्या जुन्या गावाला जायचं असेल तर बस आहे, पण रविवारी ती धरून चालू नका, परतीची वेळ आधी बघून ठेवा आणि मगच निघा.