पोलीस, फायर ब्रिगेड आणि 108 वाल्यांचा सत्कार ठेवताय? या चुका टाळा

रोटरी असो, लायन्स असो, जेसीज असो नाहीतर गावातलं साधं सेवा मंडळ असो, वर्षातून एकदा तरी पोलीस, अग्निशमन आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांचा सत्कार होतोच, आणि व्हायलाच पाहिजे. मी तालुक्याच्या गावातल्या एका क्लबमध्ये बरीच वर्षं आहे, दोनदा सेक्रेटरी होतो, या कार्यक्रमाची जबाबदारी तर कितीतरी वेळा घेतली. खाली लिहिलेल्या बऱ्याचशा चुका आमच्याच हातून झाल्यात, त्यातल्या दोन-तीन अजून मनाला लागून आहेत, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

नावं कुठून आणायची, इथेच सगळं बिघडतं

नेहमीची पद्धत काय, तर प्रेसिडेंट साहेब पीआय (पोलीस इन्स्पेक्टर) साहेबांना फोन करतात, "साहेब, तुमच्याकडचे दोन-तीन चांगले कर्मचारी द्या", साहेब बिचारे दिवसभर गडबडीत, ते समोर जो दिसेल त्याचं नाव सांगतात, नाहीतर क्लबच साहेबांचा सत्कार ठेवून मोकळा होतो कारण उद्या ओळख कामाला येते. मग रात्री दोन वाजता हायवेवर अपघातग्रस्ताला गाडीतून बाहेर काढणारा हवालदार कुठे राहिला? तो त्या दिवशीसुद्धा नाकाबंदीवरच असतो.

26/11 च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर कसाबची रायफल धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे असिस्टंट सब इन्स्पेक्टर होते, सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. 2009 साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, म्हणजे शांततेच्या काळातला देशाचा सगळ्यात मोठा शौर्य सन्मान नाकाबंदीवर उभ्या असलेल्या माणसाला मिळाला, आणि आपल्या क्लबांची नजर मात्र पीआयच्या खाली जातच नाही. हे बदला.

आमचा अनुभव असा की "चांगला माणूस द्या" असं विचारायचंच नाही, घटना विचारायची. गेल्या वर्षभरात तुमच्या हद्दीत पूर, आग, अपघात, हरवलेलं मूल, विहिरीत पडलेला माणूस, असं काय काय झालं आणि तिथे पहिलं कोण पोचलं? हे ठाणे अंमलदाराला विचारा, गावच्या पोलीस पाटलाला विचारा, ज्यांचं माणूस वाचलं त्या घरी जाऊन विचारा. घटनेवरून गेलात की माणूस आपोआप सापडतो, आणि मानपत्रात लिहायला खरं काहीतरी मिळतं.

फायर ब्रिगेडच्या बाबतीत तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, त्या वर्दीवर गाडीत कोण कोण होतं ती पूर्ण यादी मागा. (फायरवाल्यांच्या भाषेत वर्दी म्हणजे आलेला कॉल, पोलिसांची वर्दी वेगळी.) आमच्या बाजारपेठेत एकदा कापडाच्या दुकानाला आग लागली होती, बोळ इतका अरुंद की दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावं लागतं, त्या बोळातून बंब आत गेला तो ड्रायव्हरने दोन्ही आरसे दुमडून, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून, इंच इंच करत नेला म्हणून, नाहीतर आग शेजारच्या वाड्याला लागलीच होती. आम्ही सत्कार केला स्टेशन ऑफिसरचा आणि दोन फायरमनचा. कार्यक्रमाच्या मध्येच मी बाहेर पाणी प्यायला गेलो तर तोच ड्रायव्हर हॉलबाहेर बंबात बसलेला, कारण बाकीचे ऑन ड्युटी आलेले, मध्येच वर्दी आली तर गाडी तयार पाहिजे. मी त्याला चहा नेऊन दिला, तो म्हणाला, "झालं का साहेबांचं?" मला त्या चहाच्या कपाकडे बघवेना.

108 ला तीच गोष्ट. डॉक्टरांना बोलावता आणि पायलटला विसरता, तिथे ड्रायव्हरला पायलट म्हणतात. घाटात गाडी बाजूला घेऊन बाळंतपण झालं असेल तर गाडी कुठे आणि कशी थांबवायची हे त्याने ठरवलेलं असतं. होमगार्ड तर कुणाच्याच यादीत नसतात, गणपतीत पोलिसांच्या बरोबरीने तेवढाच वेळ उभे असतात आणि तेही रोजच्या मानधनावर. पुरात बुडालेल्याला शोधायला उतरणारे गावातले पोहणारे, कंट्रोल रूममध्ये फोन उचलणारे, यांचाही विचार करा.

परवानगीचं पत्र

ही चूक नवीन क्लब हमखास करतात. सरकारी कर्मचारी म्हटलं की महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू होतात, जाहीर सत्कार स्वीकारायचा, भेटवस्तू घ्यायची तर त्याला नियम आहेत, वरिष्ठांची आधी परवानगी लागते. आपण उत्साहात थेट त्या हवालदाराला बोलवतो, फोटो पेपरात येतो, आणि दुसऱ्या दिवशी खुलासा त्याला द्यावा लागतो. म्हणून पत्र आधी, निमंत्रण नंतर. पोलिसांचं पत्र एसपी ऑफिसला, शहरात असाल तर आयुक्तालयाला, एक प्रत पोलीस स्टेशनला. फायरचं नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना किंवा महापालिका आयुक्तांना, अग्निशमन प्रमुखांमार्फत. 108 चे लोक खात्याचे नसतात, सेवा चालवणाऱ्या कंपनीचे असतात, त्यांच्या जिल्ह्याच्या व्यवस्थापकाशी बोला. निदान पंधरा-वीस दिवस हातात ठेवा.

पत्रात फिरवून काही लिहू नका. "आपल्या अधिनस्त कर्मचारी यांनी अमुक तारखेस केलेल्या कामाबद्दल त्यांचा सत्कार करण्याचे योजिले आहे, स्मृतिचिन्ह व मानपत्र देण्यात येईल, रोख रक्कम दिली जाणार नाही, तरी उपस्थित राहण्यास परवानगी मिळावी ही विनंती." एवढं पुरतं. रोख पाकीट देऊच नका, कितीही मनापासून असलं तरी. खूपच द्यायचं असेल तर स्टेशनला काहीतरी द्या, सर्चलाइट, रेनकोट, वॉटर प्युरिफायर, पण तेही ऑफिसला विचारून आणि पत्रावर.

पत्राचा अजून एक फायदा आहे. एखाद्याची विभागीय चौकशी चालू असते, आपल्याला माहिती नसते, पत्र गेलं की ऑफिस स्वतःच दुसरं नाव सुचवतं. कारण विचारत बसू नका. निवडणूक तोंडावर असेल तर आचारसंहितेचं आधी विचारून घ्या, पुढारी पाहुणे असतील तर नक्कीच.

तारीख

14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो म्हणून बरेच क्लब त्याच संध्याकाळी पोलीस आणि फायर असा एकत्र कार्यक्रम लावतात. पण 14 एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती, अख्खं पोलीस दल मिरवणुकीच्या बंदोबस्ताला, तुमच्या हॉलमध्ये येणार कोण? आणि फायरवाल्यांसाठी तो दिवस नुसता साजरा करायचा नाही, 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला त्यात 66 अग्निशमन जवान गेले, त्यांची आठवण म्हणून तो दिवस आहे. त्या दिवशी सकाळी फायर स्टेशनला जाऊन मानवंदनेला उभे राहा, सत्कार अग्निशमन सप्ताहात पुढे कधीतरी करा, तो 20 तारखेपर्यंत असतो.

तसंच 21 ऑक्टोबर. हा पोलीस स्मृतिदिन, 1959 मध्ये लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले 10 पोलीस शहीद झाले तो दिवस. एका वर्षी आम्ही नेमकी हीच तारीख धरली आणि नंतर फेलोशिपला, म्हणजे क्लबच्या गप्पा-जेवणाला, ऑर्केस्ट्रा ठेवला होता, एका निवृत्त फौजदारांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की आज सकाळी आम्ही परेडला शहिदांची नावं ऐकून आलोय. ऑर्केस्ट्रा रद्द केला, पण ते आधीच कळायला हवं होतं.

मग सोयीचं कधी? रोटरीत जानेवारी हा व्होकेशनल सर्व्हिसचा (आपापल्या व्यवसायातून सेवेचा) महिना असतो, 2 जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन असतो आणि पुढे आठवडाभर त्यांचेच कार्यक्रम चालतात, ते संपले आणि 26 जानेवारीची रंगीत तालीम सुरू व्हायच्या आत जो मधला आठवडा मिळतो तो आम्हाला बरा पडतो. गणपती, नवरात्र, 31 डिसेंबर बघूच नका. फायरसाठी दिवाळीचे दिवस नकोत, फटाक्यांच्या वर्द्या रात्रभर चालू असतात.

नाव चुकलं तर सगळं गेलं

आमच्या पोलीस स्टेशनला एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन कर्मचारी होते, एक ट्राफिकला आणि एक गोपनीय शाखेला. आम्ही ट्राफिकवाल्यासाठी ट्रॉफी केली आणि निरोप गेला दुसऱ्याला, तो बायकोला घेऊन इस्त्रीच्या कपड्यात हजर, आणि स्टेजवरून वाचलेली घटना त्याची नव्हतीच. त्याने माईक हातात घेऊन शांतपणे सांगितलं की हे काम माझं नाही, माझ्या सहकाऱ्याचं आहे. हॉलमध्ये टाळ्या झाल्या खऱ्या, पण त्याची बायको खाली मान घालून बसली होती ते मी पाहिलं. म्हणून नाव, वडिलांचं नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर (बिल्ल्यावरचा नंबर) हे चारही लेखी घ्या आणि ट्रॉफीवाल्याकडे टाकायच्या आधी त्या माणसालाच व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवून "बरोबर आहे का" विचारा. हवालदाराचा एएसआय झालेला असतो आणि आपल्या ट्रॉफीवर अजून हवालदारच असतं, ते वाईट दिसतं. छापून आल्यावर चूक कळली तर चुकीची ट्रॉफी देऊ नका, शाल-श्रीफळ द्या, माफी मागा आणि ट्रॉफी नवीन करून घरी पोचवा.

आणि एरवी रस्त्यावर आपण सगळेच प्रेमाने "मामा" म्हणतो, स्टेजवर म्हणू नका. तिथे पूर्ण नाव आणि हुद्दा.

मानपत्रात काय नको

वाढवून लिहू नका. रोटरीच्या फोर वे टेस्टमधला (स्वतःला विचारायच्या चार प्रश्नांमधला) पहिलाच प्रश्न "हे सत्य आहे का" असा आहे, तो मानपत्रालाही लावा. जीव धोक्यात घालून वगैरे शब्द प्रत्येकाला चिकटवले की ज्याने खरंच जीव धोक्यात घातला त्याला काय लिहिणार? "पहाटे सव्वातीनला फोन आला, अकरा मिनिटांत गाडी पोचली, दोरीवर स्वतः उतरले", असं साधं लिहा, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

आता सगळ्यात गंभीर चूक. आमच्याकडे दोन पोलिसांनी विहिरीत उडी घेतलेल्या एका बाईला वाचवलं होतं. सूत्रसंचालकाने स्टेजवरून तिचं नाव वाचलं, गाव वाचलं, कारणसुद्धा वाचलं. तिचा दीर हॉलमध्ये बसलेला होता. ते दोन्ही पोलीस खाली उतरून मला म्हणाले, "सर, नाव नको होतं घ्यायला." त्या बाईला वाचवायला ते दोघे विहिरीत उतरले आणि आम्ही चारशे लोकांसमोर तिला उघडं केलं. वाचलेल्या माणसाचं नाव, फोटो, पत्ता काहीही नाही, त्याने स्वतः होऊन यायची इच्छा सांगितली तरच. लहान मुलांवरचे किंवा बायकांवरचे लैंगिक अत्याचार असतील तर पीडितेची ओळख सांगणं हा कायद्याने गुन्हा आहे. आणि तपासाबद्दल सत्कार असेल तर केस कोर्टात असेपर्यंत समोरचा आरोपी असतो, त्याला गुन्हेगार म्हणून मोकळं होऊ नका.

कार्यक्रमाच्या दिवशी

वेळ. याच्याइतका अपमान दुसऱ्या कशाने होत नाही. सहाचा कार्यक्रम पावणेआठला सुरू, मग दीपप्रज्वलन, मग क्लबचा अहवाल, मग पाहुण्यांचा परिचय, मग पाहुण्यांचं भाषण, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं ते शेवटी. एक हवालदार तिसऱ्या रांगेत बसले होते, नाइट करून आलेले, बुटाला बंदोबस्तावरची लाल माती तशीच, टोपी गुडघ्यावर, आणि पाच-सहा वर्षांची मुलगी खांद्यावर झोपून गेलेली. त्यांचं नाव सव्वानऊला आलं. मुलीला बायकोकडे देता देता ती जागी होऊन रडायला लागली, ते स्टेजवर गेले, एका ओळीत त्यांचं काम वाचलं, फोटो, खाली. मुलीने वडिलांचा सत्कार बघितलाच नाही.

त्यानंतर आम्ही क्रम उलटा केला. आधी सत्कार, मग बाकी सगळं. पाहुणे उशिरा आले तर क्लबचे प्रेसिडेंट देतील, नाहीतर वाचलेल्या घरातला कुणी तयार असेल तर तो देईल, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सत्कारानंतर ज्याला ड्युटीवर जायचंय तो जेवून निघू शकतो. मध्येच वर्दी आली आणि फायरवाले उठून गेले तर थांबवू नका, नंतर स्टेशनला जाऊन द्या.

शाल पांघरली की नेमप्लेट झाकते, फोटोत नाव दिसत नाही, म्हणून शाल हातात द्या. टोपीवर फेटा बांधायला जाऊ नका, आधी विचारा. स्पॉन्सर कोण आहे तेही नीट बघा, ज्याची स्वतःची भानगड त्याच पोलीस स्टेशनला चालू आहे त्याचा बॅनर मागे आणि समोर तेच पोलीस, असा फोटो गावभर फिरतो आणि त्रास त्या कर्मचाऱ्याला होतो.

रोटरी, लायन्स क्लबचं वर्ष 30 जूनला संपतं, 1 जुलैला नवीन प्रेसिडेंट, जुनी फाइल कुणाच्या तरी घरी, मग दोन वर्षांनी परत त्याच माणसाचा सत्कार, त्याच वर्षी शेजारच्या क्लबनेही त्याचाच केलेला. एक वही करा, तारीख, नाव, बक्कल नंबर, घटना, ती सेक्रेटरीकडून सेक्रेटरीकडे गेली पाहिजे. आणि कार्यक्रमानंतर अभिनंदनाचं एक पत्र त्यांच्या वरिष्ठ कार्यालयाला पाठवा, ट्रॉफीपेक्षा ते त्यांना जास्त उपयोगी पडतं असं मला बऱ्याच जणांनी सांगितलंय.

फोटो आठ दिवसांत प्रिंट काढून हातात द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून सोडू नका, आणि घरच्यांसोबतचा एक फोटो मुद्दाम वेगळा काढा. त्या बंबाच्या ड्रायव्हरचा सत्कार आम्ही पुढच्या वर्षी केला, फायर स्टेशनच्या आवारातच, म्हणजे त्याला गाडी सोडून यावं लागणार नाही. तो फोटो आता तिथे वर्दीच्या रजिस्टरच्या वर भिंतीला लावलाय, तो, बायको, दोन मुलं आणि मागे आरसे दुमडलेला बंब.