माळ्यावरचे उदमांजर बाहेर काढताना
नागपूरच्या महाल-इतवारीतील जुन्या कवेलूच्या घरांत रात्री माळ्यावर जड पावलांची धावपळ ऐकू आली, तर ते उदमांजर असू शकते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते संरक्षित असल्याने विष किंवा पिंजरा लावू नये.

संध्याकाळी संशयित फटीजवळ रांगोळी पातळ पसरावी. सकाळी ठशांत मांजराप्रमाणे चार नव्हे, तर पाच बोटे दिसली, म्हणजे त्याची वाट सापडली. पिल्ले असल्यास ती आईमागे हिंडू लागेपर्यंत थांबावेच, कारण वाट बुजवल्यास ती आत उपाशी मरतात. माळा रिकामा असल्याची खात्री झाल्यावरच फटीला मजबूत जाळी ठोकावी. जखमी प्राण्याला हात न लावता सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (वन्यप्राणी उपचार केंद्राला) कळवावे.