अनोळखी टेक्स्ट फाइल न उघडता वाचायची सोय

सिनेमाच्या सबटायटलची एसआरटी फाइल आतून अगदी साधी असते: क्रमांक, वेळ आणि खाली संवाद. तरीही विंडोजच्या प्रिव्ह्यू पेनमध्ये, म्हणजे निवडलेली फाइल न उघडता बाजूला दाखवणाऱ्या भागात, बरेचदा 'नो प्रिव्ह्यू अव्हेलेबल' एवढंच दिसतं. कारण विंडोज फाइलच्या आत डोकावत नाही, नावातल्या टिंबापुढची अक्षरं पाहून ठरवतं. तेव्हा एसआरटी म्हणजे मजकूर, हे आपणच त्याला एकदा सांगून ठेवायचं.

आधी खात्री करा. फाइलवर राइट क्लिक करून 'ओपन विथ'मधून ती नोटपॅडमध्ये उघडा. मजकूर नीट वाचता आला तरच पुढे जा. अगम्य चिन्हं दिसली तर ती बहुधा टेक्स्ट फाइल नाही. वर्डची डॉक्सएक्स फाइल अशी उघडली, तर सुरुवातीलाच पी आणि के ही अक्षरं दिसतात, कारण ती खरं तर झिप फाइल असते.

आता विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'रेजएडिट' (स्पेलिंग: आर-ई-जी-ई-डी-आय-टी) चालवा. विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज यात बदलता येतात. इथे सांगितलंय तेवढंच करा. बाकी कशालाही हात लावू नका.

१. डावीकडे 'एचकी करंट यूजर', त्यात 'सॉफ्टवेअर', त्यात 'क्लासेस' उघडा.

२. 'क्लासेस'वर राइट क्लिक करून 'न्यू', मग 'की' (इथे की म्हणजे फोल्डरसारखा कप्पा) निवडा. नाव इंग्रजीत एसआरटी द्या, आधी टिंब हवंच. ही की आधीपासून असेल तर तीच वापरा.

३. ती निवडून उजवीकडे रिकाम्या जागी राइट क्लिक करा आणि 'न्यू'मधून 'स्ट्रिंग व्हॅल्यू' घ्या. नाव 'पर्सीव्हडटाइप', सलग. स्पेलिंग: पी-ई-आर-सी-ई-आय-व्ही-ई-डी-टी-वाय-पी-ई.

४. त्यावर डबल क्लिक करून 'टेक्स्ट' हा शब्द इंग्रजीत लिहा आणि ओके करा.

टास्क मॅनेजरमधून 'विंडोज एक्सप्लोरर' रीस्टार्ट करा. फाइल निवडून ऑल्ट आणि पी दाबलं की मजकूर शेजारी दिसायला हवा. लॉग किंवा एमडी फाइलचा प्रिव्ह्यू येत नसेल तर तिच्यासाठीही हीच कृती, फक्त कीचं नाव बदला.

मराठी सबटायटलच्या बाबतीत एक अडचण हमखास येते: नोटपॅडमध्ये देवनागरी नीट दिसते आणि प्रिव्ह्यूत मात्र भलतीच अक्षरं. फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत) आहे, पण तशी खूण तिच्या सुरुवातीला नाही, म्हणून असं होतं. मूळ फाइल तशीच ठेवा. नोटपॅडमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८ विथ बीओएम' (बीओएम म्हणजे तीच खूण) निवडून दुसरी प्रत करा आणि प्रिव्ह्यूत ती पाहा.