अहिल्यादेवी होळकर पुरस्कारासाठी प्रस्ताव कसा तयार करावा

महाराष्ट्र शासनाच्या नागरी सन्मानांचा विषय निघाला की बहुतेकांना महाराष्ट्र भूषण आठवतो. पु. ल. देशपांडे यांच्यापासून सुरू झालेल्या या सन्मानाच्या मानकऱ्यांत बाबा आमटे, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्यासारखी आयुष्यभर समाजासाठी झिजलेली माणसे आहेत. परंतु तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षे परित्यक्ता स्त्रियांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या कार्यकर्तीपर्यंत शासनाची दखल पोहोचायची असेल, तर ती बहुधा शासनाच्या निरनिराळ्या खात्यांच्या पुरस्कारांच्या वाटेनेच पोहोचते. सामाजिक न्याय विभागाचा, पूर्वी दलित मित्र या नावाने ओळखला जाणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार ही त्यातील एक वाट, तर महिला व बालविकास विभागाचा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार ही दुसरी. येथे दुसऱ्या पुरस्काराचा विचार केला आहे, कारण तो जिल्हा पातळीवरही दिला जातो आणि योग्य व्यक्ती असूनही केवळ कागदपत्रांअभावी प्रस्ताव मागे पडण्याची शक्यता तेथेच अधिक असते.

प्रथम पातळी निश्चित करावी. राज्यस्तरीय पुरस्कारासाठी महिला व बालविकासाच्या क्षेत्रातील किमान २५ वर्षांचे आणि जिल्हास्तरीय पुरस्कारासाठी किमान १० वर्षांचे कार्य अपेक्षित असते. विभागीय, म्हणजे अनेक जिल्ह्यांच्या महसुली विभागाच्या पातळीवरचा, पुरस्कार संस्थेला मिळतो आणि त्यासाठी ७ वर्षांच्या कार्याची अट आहे. जिल्हास्तरीय पुरस्कार मिळालेल्या महिलेला त्यानंतर पाच वर्षे राज्यस्तरीय पुरस्कारासाठी अर्ज करता येत नाही, म्हणून जिच्या कार्याला २५ वर्षे पूर्ण होत आली आहेत, तिचा प्रस्ताव घाईने जिल्हा पातळीवर द्यावा की थोडे थांबावे, याचा निर्णय तिच्याशी बोलूनच घ्यावा. संस्था असल्यास ती नोंदणीकृत असावी लागते आणि ती राजकारणापासून अलिप्त असावी अशी अपेक्षा असते. अटींमध्ये बदल होऊ शकतो. त्यामुळे त्या वर्षीची जाहिरात मिळवून शब्दन् शब्द वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. जाहिरात स्थानिक वृत्तपत्रांत येते, आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी केली तरी माहिती मिळते.

जाहिरात आल्यावर मिळणारी मुदत थोडी असते, त्यामुळे खरी तयारी तिच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते. पोलीस विभागाचे चारित्र्य प्रमाणपत्र मिळण्यास वेळ लागतो, तेव्हा त्याची चौकशी आधीच करून ठेवावी. सर्वाधिक श्रम मात्र कार्याच्या अहवालावर घ्यावेत, कारण निवड समितीतील बहुतेकांना त्या बाईंचा परिचय फक्त त्या पानांतूनच होणार असतो.

अहवालात विशेषणे कमी आणि नोंदी अधिक असाव्यात. ‘महिलांच्या सक्षमीकरणासाठी अविरत झटल्या’ या वाक्यातून समितीला काहीच कळत नाही. कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, किती स्त्रियांचे बचत गट उभे राहिले आणि त्यांतील किती आज चालू आहेत, हे लिहिले की कार्य डोळ्यांसमोर उभे राहते. बालविवाह रोखले असतील, तर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून काम पाहणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे (पूर्वीच्या ग्रामसेवकाचे) किंवा बालकल्याण समितीचे पत्र मिळवावे. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत मदत केली असेल, तर कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून तसे लेखी घ्यावे. तळमळीने काम करणारी माणसे स्वतःच्या कामाची टिपणे क्वचितच ठेवतात, म्हणून प्रस्ताव तयार करणाऱ्याने त्यांच्यासमोर बसून, जुन्या डायऱ्या, बैठकांची इतिवृत्ते आणि पत्रव्यवहार चाळून वर्षवार तक्ता करावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण प्रस्तावाचे बळ त्यातच आहे, असे माझे ठाम मत आहे.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ज्या स्त्रियांना व मुलांना मदत झाली, त्यांची नावे, छायाचित्रे किंवा ओळख पटेल असा तपशील अहवालात येऊ देऊ नये. अत्याचारपीडित बालकांची ओळख उघड करण्यास कायद्यानेच बंदी आहे, आणि प्रौढ स्त्रीच्या बाबतीतही तिच्या लेखी संमतीशिवाय तिची कहाणी कोणाच्याही गौरवासाठी वापरणे हा तिच्यावर अन्यायच होय.

वृत्तपत्रांतील कात्रणे व छायाचित्रे निवडक असावीत. शाल-श्रीफळ स्वीकारतानाच्या वीस छायाचित्रांपेक्षा शिवणवर्गाचे किंवा समुपदेशन केंद्राच्या दैनंदिन कामाचे एक छायाचित्र मोलाचे ठरते. मात्र त्यातही लाभार्थींचे चेहरे दिसणार नाहीत, हे पाहावे. प्रत्येक कात्रणावर वृत्तपत्राचे नाव व दिनांक लिहावा. यापूर्वी मिळालेल्या शासकीय पुरस्कारांची माहिती लपवू नये, कारण दलित मित्र किंवा सावित्रीबाई फुले पुरस्कार मिळालेल्या महिलेला हा पुरस्कार दिला जात नाही आणि अशी बाब नंतर उघड झाल्यास त्या व्यक्तीचीच मानहानी होते. शिफारसपत्रे लोकप्रतिनिधींकडून गोळा करण्याची प्रथा आहे, परंतु काम प्रत्यक्ष पाहिलेल्या मुख्याध्यापिकेचे किंवा आरोग्य केंद्रातील परिचारिकेचे पत्र मला अधिक विश्वासार्ह वाटते.

सर्व पानांना क्रमांक देऊन, अनुक्रमणिका जोडून, जाहिरातीत सांगितलेल्या संख्येइतक्या प्रती मुदतीपूर्वी कार्यालयात द्याव्यात, आवक क्रमांक व दिनांकासह पोच घ्यावी आणि संपूर्ण प्रस्तावाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. त्या वर्षी निवड झाली नाही, तर त्याच प्रतीत मधल्या वर्षाच्या कामाची भर घालून आणि चारित्र्य प्रमाणपत्र नव्याने घेऊन पुढील जाहिरातीच्या वेळी प्रस्ताव पुन्हा सादर करावा.