तेल-गॅस कंपनीचं कर्ज कमाईच्या मानाने किती, हे घरबसल्या कसं काढायचं

पनवेलच्या ओएनजीसी कॉलनीतून रिटायर झालेले, माहुलच्या रिफायनरीत जन्म काढून मग नेरुळ-खारघरला फ्लॅट घेतलेले आणि त्यांचं बघून शेअर घेतलेले शेजारी, आपल्याकडे तेल कंपन्यांचे शेअर घराघरात आहेत. डिव्हिडंड बरा येतो म्हणून लोक घेतात आणि विसरून जातात. कर्जाचा विषय काढला की दोनच उत्तरं मिळतात, एक तर "सरकारी आहे गं, काय होतंय" नाहीतर "ॲपवर बघितलं, दीड पट दाखवतंय, चांगलं आहे". ते दीड पट कुठल्या वर्षाच्या कमाईवर काढलंय, हे कोणी विचारत नाही. आणि तेलाच्या धंद्यात खरी मेख तिथेच आहे.

आधी साधा हिशोब. कंपनीचं एकूण कर्ज घ्या, त्यातून हातातली रोकड वजा करा आणि जे उरेल त्याला एबिटडाने भागा. एबिटडा म्हणजे व्याज, टॅक्स आणि घसारा जायच्या आधीचा नफा. उत्तर २ आलं तर याचा अर्थ असा की वर्षाची सगळी कमाई नुसती कर्जात घातली, टॅक्स नाही, नवीन विहीर नाही, डिव्हिडंड नाही, तरी फिटायला दोन वर्षं लागतील. ढोबळ मानाने एकच्या आत असेल तर निवांत, दोनच्या आसपास चालतं, तीनच्या वर गेलं की कान टवकारायचे. पाइपलाइन कंपनीला तीन-साडेतीनही पचतं कारण तिची कमाई रेग्युलेटरने ठरवलेल्या टॅरिफवर चालते, पण नुसतं तेल उपसून विकणाऱ्या कंपनीला तेवढं पचेलच असं नाही.

आता आकडे कुठून काढायचे. कंपनीच्या वार्षिक रिपोर्टमधला बॅलन्स शीट उघडा, आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून सगळ्या ग्रुपचा) उघडा, स्टँडअलोन (एकट्या कंपनीचा) नाही. ओएनजीसीचंच घ्या, जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी एचपीसीएलमधला (हिंदुस्तान पेट्रोलियम, रिफायनरी आणि पंपवाली कंपनी) सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटींना घेतला. तोवर स्टँडअलोनमध्ये जवळपास बिनकर्जाची असलेली कंपनी त्यासाठी बँकांच्या दारात गेली, आणि एचपीसीएलचं स्वतःचं कर्ज ग्रुपच्या खात्यात धरावं लागलं ते वेगळंच. ओएनजीसी विदेशचं (परदेशातले तेलसाठे बघणारी उपकंपनी), एमआरपीएलचं (मंगळूरची रिफायनरी) कर्जही कन्सॉलिडेटेडमध्येच दिसतं. म्हणून स्टँडअलोन बघून "कर्ज किती कमी आहे बघ" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

कर्ज दोन ठिकाणी असतं, नॉन-करंट बॉरोइंग्ज आणि करंट बॉरोइंग्ज, दोन्हींची बेरीज करायची. पूर्वी वर्षभरात फेडायचा लाँग टर्म कर्जाचा हप्ता वेगळ्याच ओळीत लपलेला असायचा, २०२१ पासून तो करंट बॉरोइंग्जमध्येच दाखवावा लागतो त्यामुळे काम सोपं झालंय. त्याच्या खालीच लीज लायबिलिटी असते, तीसुद्धा घ्या. २०१९ पासून भाड्याच्या रिग, जहाजं, टाक्या यांचं पुढच्या वर्षांचं भाडं देणं म्हणून बॅलन्स शीटवर येतं आणि समुद्रात काम करणाऱ्या कंपनीत हा आकडा किरकोळ नसतो. बरं, लीजचं भाडं आता खर्चात न दिसता घसारा आणि व्याजात विभागून जातं, म्हणजे एबिटडा आपोआप फुगतो. मग एबिटडा फुगलेला घ्यायचा आणि देणं मात्र सोडायचं, हे काही बरोबर नाही. रोकड वजा करताना कॅश, बँक बॅलन्स आणि करंट इन्व्हेस्टमेंट एवढंच. विहीर बंद करण्यासाठी बाजूला ठेवलेल्या फंडाला हात लावायचा नाही, ते पैसे कर्ज फेडायला नाहीतच.

एक काल्पनिक कंपनी घेऊ, सगळे आकडे कोटींत. लाँग टर्म कर्ज १८,०००, शॉर्ट टर्म १४,०००, लीज २,५००, रोकड आणि लिक्विड गुंतवणूक मिळून ४,०००. निव्वळ कर्ज झालं ३०,५००. नफ्याच्या पानावर टॅक्सआधीचा नफा ९,०००, त्यात व्याज २,२०० आणि घसारा ५,३०० मिळवा, इतर उत्पन्न १,५०० काढून टाका, एबिटडा आला १५,०००. गुणोत्तर २.०३. ॲप पण साधारण हेच दाखवेल आणि आपण खूश. पण हीच कंपनी गेल्या पाच वर्षांत किती कमावत होती ते बघा, समजा ६, ९, ११, ४ आणि आता १५ हजार. सरासरी ९ हजार. सरासरीवर तेच कर्ज ३.४ पट होतं आणि त्या ४ हजारवाल्या वर्षावर साडेसात पटीच्या वर जातं. कर्ज तेच, बदलला फक्त भाजक. करंजाच्या एखाद्या नाखव्याला बोटीसाठी कर्ज देताना बँकवाला ऑगस्टमधली, मासेमारी बंदी उठल्यावरची कमाई बघून बारा महिन्यांचा हिशोब करत नाही, इथेही तसंच करायचं.

तेलात भाजक इतका का हलतो ते सांगायला फार लांब जायला नको. जून २०१४ मध्ये ब्रेंट, म्हणजे ज्याच्या भावावर जगाचा हिशोब चालतो ते क्रूड (कच्चं तेल), बॅरलला ११५ डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय क्रूडचा वायदा एका दिवशी उणे ३७ डॉलरवर गेला. अमेरिकन शेल कंपन्यांनी (खडक फोडून तेल-गॅस काढणाऱ्या) चांगल्या दिवसांच्या कमाईवर कर्ज काढलेलं होतं, त्याच महिन्यात व्हायटिंग पेट्रोलियमने दिवाळखोरीचा अर्ज केला, जूनमध्ये चेसापीक एनर्जीने, सुमारे ९ अब्ज डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊन. चांगल्या वर्षात यांचेही रेशो छान दिसायचे.

आपल्याकडे भाव एकटाच नाही, सरकार पण भाजक हलवतं. ६ एप्रिल २०२२ नंतर सरकारी कंपन्यांनी पंपावरच्या दरातले रोजचे बदल थांबवले, क्रूड मात्र वरच होतं. एप्रिल-जून २०२२ च्या एका तिमाहीत एचपीसीएलला १०,१९७ कोटींचा तोटा झाला. पूर्ण २०२२-२३ चा स्टँडअलोन तोटा साधारण ९ हजार कोटी, आणि पुढच्याच वर्षी साडेचौदा हजार कोटींच्या वर नफा. आता सांगा, या कंपनीचा कुठल्या वर्षाचा रेशो खरा मानायचा? शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने एलपीजीच्या तोट्यापोटी तीन सरकारी तेल कंपन्यांना मिळून २२ हजार कोटी दिले. तो तोटा आधीच्या दोन वर्षांचा होता पण उत्पन्न दिसलं एका तिमाहीत. अशी एकरकमी रक्कम दिसली की ती त्या त्या वर्षांवर वाटून बघायची. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा ३० हजार कोटी मंजूर झाले, यावेळी बारा हप्त्यांत, तेव्हा ही सवय अंगी बाणवलेली बरी.

तेल काढणाऱ्यांची गोष्ट उलटी, क्रूड चढलं म्हणून जुलै २०२२ पासून विंडफॉल टॅक्स (अचानक वाढलेल्या कमाईवरचा जादा कर) लागला, तो डिसेंबर २०२४ मध्ये गेला. ओएनजीसीच्या जुन्या फील्डच्या गॅसला एप्रिल २०२३ पासून खाली ४ डॉलर आणि वर सुरुवातीला साडेसहा डॉलर अशी भावाची चौकट घातली. म्हणजे वरचा फायदा छाटला जातो आणि खालचा मार थोडा अडवला जातो. कर्ज देणाऱ्याला हे आवडतं, शेअरवाल्याला नाही.

आता पुढची पायरी, ताण देऊन बघणे. उपसणारी कंपनी असेल तर वर्षाला किती बॅरल ते बघा. समजा १० कोटी बॅरल, भाव १० डॉलरने पडला तर १०० कोटी डॉलर गेले, ८५ रुपये धरले तर ८,५०० कोटी. यातलं सगळं कंपनीच्या खिशातून जात नाही, कारण सेस २०१६ पासून भावाच्या २० टक्के आहे आणि रॉयल्टीही टक्क्यातच, दोन्ही सोबत खाली येतात. म्हणून अंदाजे ६ हजार कोटी एबिटडामधून काढा आणि पुन्हा भागाकार करा. रिफायनरी असेल तर भाव नाही, मार्जिन बघायचं. २ कोटी टन क्रूड म्हणजे साडेचौदा कोटी बॅरलच्या आसपास, जीआरएम (एका बॅरलमागे रिफायनरीला सुटणारं मार्जिन) ३ डॉलरने घसरलं तर पावणेचार हजार कोटींच्या घरात खड्डा. जीआरएममध्ये इन्व्हेंटरी गेन किती होता ते कंपन्या बहुतेक वेळा प्रेझेंटेशनमध्ये किंवा कॉलवर सांगतात, स्वस्तात घेतलेलं क्रूड महाग झालं म्हणून दिसलेला तो नफा, तो पण बाजूला काढा.

मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे अर्धवट बांधलेले प्रोजेक्ट. बाडमेरची रिफायनरी बघा, ९० लाख टनांची, एचपीसीएलचा ७४ टक्के आणि राजस्थान सरकारचा २६ टक्के हिस्सा, बांधकाम चालू असतानाच खर्चाचा अंदाज ४३,१२९ कोटींवरून ७२,९३७ कोटींवर गेला. बांधकाम चालू असताना कर्ज वाढत राहतं आणि कमाई शून्य, त्यामुळे रेशो आहे त्यापेक्षा वाईट दिसतो, हे एक. दुसरं याच्या बरोबर उलट, त्या कर्जाचं व्याज नफ्याच्या पानावर येतच नाही, ते बांधकामाच्या किंमतीत चढवलं जातं, म्हणून व्याज किती पट कमावलं हा रेशो आहे त्यापेक्षा छान दिसतो. रिपोर्टमधल्या फायनान्स कॉस्टच्या नोटमध्ये अगदी शेवटी "लेस" म्हणून एक ओळ असते, कॅपिटलाइज केलेलं व्याज, बारीक अक्षरात. ते परत मिळवा आणि मग एबिटडाला त्या एकूण व्याजाने भागा. चार-पाच पटीच्या वर आलं तर ठीक, दोनच्या खाली म्हणजे अडचणीत यायला एक वाईट तिमाही पुरेशी आहे. सोबत चालू प्रोजेक्टचं कर्ज बाजूला काढूनही एकदा रेशो काढा, दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवा.

याच नोटमधून अजून एक चेक होतो. वर्षाचं एकूण व्याज भागिले वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या कर्जाची सरासरी. उत्तर बाजारातल्या व्याजदरापेक्षा बरंच जास्त आलं तर समजायचं की मधल्या महिन्यांत कर्ज जास्त होतं आणि ३१ मार्चला कमी दाखवलं गेलं. पंपवाल्या कंपन्यांत यात लबाडी असेलच असं नाही. क्रूड महागलं की टाक्यांमधल्या मालात जास्त पैसा अडकतो, शॉर्ट टर्म कर्ज चढतं, सबसिडी आली की उतरतं. म्हणून मार्चसोबत सप्टेंबरचा बॅलन्स शीट पण बघा, तो सहामाही रिझल्टसोबत येतो.

जॉइंट व्हेंचरचं कर्ज कन्सॉलिडेटेडमध्ये पण दिसत नाही, जिथे कंपनीचा ताबा पूर्ण नाही तिथे नुसता नफ्यातला वाटा येतो. एचपीसीएल-मित्तलची बठिंडा रिफायनरी त्यातलीच. अशा ठिकाणी कंटिंजंट लायबिलिटीच्या (पुढे अंगावर येऊ शकणाऱ्या देण्यांच्या) नोटमध्ये गॅरंटी दिलीय का तेवढं पाहायचं. डॉलरमधल्या कर्जाचा फार बाऊ करू नका, ओएनजीसीचा तेलाचा भाव डॉलरवरच ठरतो, रुपया घसरला की कर्ज वाढतं तशी विक्रीही वाढते. पंपवाल्यांचं तसं नाही, ते रुपयात विकतात.

उपसणाऱ्या कंपनीत जमिनीखाली किती उरलंय हे विचारल्याशिवाय कर्जाचा विषय पूर्ण होत नाही. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ पासून तेल निघतंय, उरणच्या प्लँटला आजही तिकडून पाइपलाइन येते, पण म्हातारं फील्ड आहे. कर्ज फिटायच्या आत साठा संपणार असेल तर दीड पट पण जड आहे. आणि साठा कागदावरचाच निघाला तर काय होतं हे बघायचं तर गुजरात सरकारच्या जीएसपीसी या कंपनीची केजी बेसिनची (आंध्रच्या किनाऱ्याजवळचं कृष्णा-गोदावरी खोरं) कहाणी आठवा, २००५ मध्ये २० ट्रिलियन घनफूट गॅसची घोषणा, दहा वर्षांनी जवळजवळ २० हजार कोटींचं कर्ज, आणि २०१७ मध्ये त्या ब्लॉकमधला ८० टक्के हिस्सा ओएनजीसीच्या गळ्यात. म्हणून रिपोर्टमध्ये प्रूव्हड (खात्रीचा) साठा बघायचा, बाकीची विशेषणं सोडून द्यायची. कोरड्या विहिरींचा खर्च एबिटडामध्ये परत मिळवायची अमेरिकन पद्धत आहे, मी मिळवत नाही, कारण विहिरी दरवर्षी खणाव्याच लागतात आणि त्यातल्या काही कोरड्या निघतातच.

एवढी आकडेमोड नको असेल तर एक शॉर्टकट आहे. ज्या कंपन्यांचे बाँड लिस्टेड आहेत त्यांना सेबीच्या नियमाने तिमाही रिझल्टखाली डेट-इक्विटी, डेट सर्व्हिस कव्हरेज (कमाईतून व्याज आणि हप्ते किती पट भरता येतात), इंटरेस्ट कव्हरेज असे रेशो द्यावेच लागतात. आणि इक्रा, क्रिसिल, केअर या रेटिंग कंपन्यांच्या साइटवर रेटिंगचं टिपण फुकट वाचायला मिळतं. फक्त सरकारी कंपनीचं एएए बघून हुरळू नका, त्यात सरकार पाठीशी आहे याचे मार्क मोठे असतात, टिपणात ते तसं लिहिलेलंही असतं. रेटिंग सांगतं की कर्ज देणाऱ्याचे पैसे बुडणार नाहीत, तुमचा डिव्हिडंड टिकेल असं नाही.

आणि हो, ठाण्यातले बरेच जण महानगर गॅसबद्दल विचारतात, रोज सीएनजीच्या रांगेत उभं राहून आपुलकी वाटते बहुतेक. तिथे यातलं काही करायची गरज नाही, कर्ज जवळपास नाहीच. तिथला प्रश्न सरकारने भाव ठरवलेला स्वस्त एपीएम गॅस किती वाट्याला येतो हा आहे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या वाट्यात लागोपाठ कपात झाली आणि शेअर धाडकन आपटला, कर्ज जवळपास नसताना.