हिरड्यांतून रक्त आणि बोटांना सूज: संधिवाताच्या रुग्णांनी या चुका टाळाव्यात

ठाण्यात राम मारुती रोडवर किंवा नेरुळच्या कुठल्याही सेक्टरमध्ये दातांच्या दवाखान्याची पाटी शोधावी लागत नाही. संधिवाततज्ज्ञ मात्र मोजके. त्यांच्याकडे नंबर लागेपर्यंत रुग्ण हाडांच्या डॉक्टरांपासून मालिशवाल्यापर्यंत सगळीकडे जाऊन आलेला असतो. या दोन डॉक्टरांची आपसात गाठ पडत नाही. संधिवाताची फाइल दातांच्या डॉक्टरांना कोणी दाखवत नाही, आणि सांध्यांच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडून ‘जरा हिरड्या बघा’ असं कोणी म्हणत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं बरंचसं संशोधन मात्र या दोघांच्या मधल्या जागेतलं आहे, आणि रुग्णांच्या चुकाही तिथेच होतात.

आधी एक खुलासा. इथे बोलतोय ते रुमॅटॉइड आर्थरायटिसबद्दल. यात हाताची बोटं, मनगटं, पायाचे चवडे असे छोटे सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास मूठ वळत नाही, मग हालचाल सुरू झाली की हात जरा मोकळे होतात. भारतात प्रौढांमध्ये याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. साठीनंतर स्टेशनचा जिना चढताना कुरकुरणारा गुडघा हा बहुतेक वेळा झिजेचा आजार असतो. त्याला पुढची हिरड्यांची गोष्ट लागू नाही. गुडघेदुखीसाठी दातांच्या दवाखान्यात चकरा मारू नका.

हिरड्या आणि बोटं यांचा संबंध काय?

प्रथिनांमध्ये आर्जिनिन नावाचा एक घटक असतो. ‘पॅड’ या गटातली एन्झाइम्स त्याचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतात. शरीरात कुठेही दाह झाला की हे थोडंफार होतच असतं. पण काहींच्या जनुकांत अशी ठेवण असते की त्यांची रोगप्रतिकारशक्ती या बदललेल्या प्रथिनांना परकं ठरवते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करते. लॅबच्या रिपोर्टवर ‘अँटी-सीसीपी’ म्हणून जो आकडा येतो, तो याच प्रतिपिंडांचा. आणि विचार करायला लावणारी गोष्ट अशी की ही प्रतिपिंडं पहिलं बोट सुजण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात सापडतात. तेव्हा सांधे ठणठणीत असतात. मग गडबड सुरू कुठे झाली?

संशयित जागा दोन-तीन आहेत. एक फुप्फुसं, विशेषतः सिगारेट-विडी ओढणाऱ्यांची. दुसरी हिरड्या. पायोरियात, म्हणजे हिरड्यांच्या जुनाट आजारात, दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल खोबणी तयार होतात. तिथे हवा पोचत नाही आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जिवाणू मजेत राहतो. या जिवाणूकडे स्वतःचं पॅड एन्झाइम आहे, हे १९९९ मध्ये समोर आलं. माणसाला त्रास देणाऱ्या जिवाणूंमध्ये ही करामत फारच दुर्मीळ. तो आधी आपल्या प्रथिनांचे तुकडे करतो आणि मग त्या तुकड्यांच्या टोकाचं आर्जिनिन बदलून टाकतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आणखी एका जिवाणूकडे बोट दाखवलं: अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स. (हे नाव घेतानाच दात हलावेत.) हा स्वतः प्रथिनं बदलत नाही. त्याचं विष आपल्या पांढऱ्या पेशींना भोकं पाडतं आणि त्या पेशींमधली आपलीच एन्झाइम्स बेफाम सुटतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिरड्यांचा आजार असलेल्या संधिवाताच्या रुग्णांच्या रक्तात तोंडातले जिवाणू पुन्हा पुन्हा उतरताना दिसले.

एवढं वाचून ‘म्हणजे संधिवात दातांमुळे होतो’ असा निष्कर्ष काढू नका. नातं आहे, पण पायोरिया असलेल्या बहुसंख्य लोकांना हा संधिवात कधीच होत नाही, आणि स्वच्छ हिरड्या असलेल्यांनाही तो होतो. जनुकं, धूम्रपान, हिरड्या अशा बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात.

रक्त येतं म्हणून तिथला ब्रश बंद

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच. हिरडीतून रक्त आलं की माणूस त्या बाजूला ब्रश लावत नाही. तिथे थर साचतो, हिरडी आणखी सुजते, आणखी रक्त येतं. मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेला तिरका धरून, हलक्या हाताने घासत राहिलं तर साध्या सुजेतलं रक्त आठवडा-दोन आठवड्यांत कमी होतं. नाही झालं, तर खोबणी खोल आहेत असं समजून दवाखाना गाठायचा. मीठ-हळद, तेलाच्या गुळण्या, तुरटीचं पाणी यांनी तोंडाला बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही. पण यातलं काहीही पाच-सहा मिलिमीटर खोल खोबणीत उतरत नाही. तिथलं किटण दगडासारखं घट्ट चिकटलेलं असतं, ते खरवडूनच काढावं लागतं.

‘क्लिनिंग केलं की दात हलतात’

“अहो, शेजारच्या वहिनींनी क्लिनिंग केलं आणि तीन महिन्यांत दाढ गेली!” सोसायटीच्या गेटवर हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस मिळणं कठीण. वहिनींची दाढ गेली हे खरंच असेल. पण गंजलेला नट गंजामुळेच घट्ट बसलेला असतो, तसं तिथे झालेलं असतं. दाताभोवतीचं हाड आजाराने आधीच खाल्लेलं होतं आणि दात किटणाच्या आधारावर उभा होता. किटण काढल्यावर खरी परिस्थिती दिसली. दातांमध्ये फटी जाणवणं, थंड पाणी झोंबणं हेही त्यातलंच. सुजलेली हिरडी बसते आणि मुळाचा भाग उघडा पडतो. हे बहुधा काही आठवड्यांत निवळतं.

इथे आणखी एक घोटाळा होतो. वरवरचं पॉलिशिंग करून घेऊन लोक समाधानी होतात. दवाखान्यात एक प्रश्न विचारायचाच: “डॉक्टर, पॉकेट किती मिलिमीटर आहेत?” पॉकेट म्हणजे त्याच खोबणी. बारीक खुणांच्या सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. तीनपर्यंत ठीक, चार आणि पुढे असेल तर आजार धरतात. त्या मापांचा कागद मागून घ्या आणि संधिवाताच्या फाइलला लावा. पायोरिया असलेल्यांना सहा महिन्यांतून एकदा दात दाखवणं पुरत नाही. सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी सफाई लागते.

मिश्री आणि सिगारेट

वागळे इस्टेट, कळवा, दिघा, तुर्भे, कुठल्याही जुन्या वस्तीत गेलात तर सकाळी मिश्री लावून बसलेल्या आजी अजूनही दिसतील. कुणी त्याला व्यसन म्हटलेलं त्यांना रुचत नाही. दात घासायला लागते, एवढंच त्यांचं म्हणणं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने हिरड्या खाली सरकतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. सिगारेट-विडीचा धोका मात्र थेट रुमॅटॉइड आर्थरायटिसशी पक्का जोडलेला आहे, आणि तिचा हिरड्यांवरचा परिणाम फसवा असतो. धुराने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त फारसं येत नाही. ‘माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या सिगारेटवाल्याने ती मापं आधी घ्यावीत.

दात साफ झाले, आता गोळ्या बंद

ही उलट्या बाजूची चूक, आणि मला तीच जास्त धोक्याची वाटते. कुठेतरी वाचायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर यायचं, ‘जिवाणू मारले की संधिवात जातो’. मग मेथोट्रेक्सेट, म्हणजे संधिवाताची आठवड्याची मुख्य गोळी, बंद. हिरड्यांवर उपचार केल्याने सांध्यांची सूज कमी होते का, हे तपासणाऱ्या छोट्या चाचण्या झाल्या आहेत. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच नाही. एकाही चाचणीतून औषधाची गरज संपते असं निघालेलं नाही. आजार नवा असताना औषधाविना गेलेल्या काही महिन्यांत सांध्याची जी नासधूस होते, ती नंतर भरून येत नाही.

याला एक इतिहासही आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत इंग्लंड-अमेरिकेत ‘फोकल इन्फेक्शन’ची लाट होती. तोंडातला जंतुसंसर्ग सगळ्या आजारांचं मूळ, असं मानून सांधेदुखीच्या रुग्णांचे दात सरसकट उपटले गेले. दात गेले, सांधे तसेच राहिले. आजही कुणी संधिवातासाठी चांगले दात काढायला सांगितले, तर दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

तीच गत अँटिबायोटिकची. मेडिकलवाल्याला सांगून पाच दिवसांचा कोर्स घेतला की ठणका थांबतो आणि माणूस दवाखान्यात जायचं टाळतो. किटण जागेवर असतं, जिवाणू परत येतात. शिवाय मेथोट्रेक्सेट चालू असताना को-ट्रायमोक्साझोलसारखी सल्फा जातीची गोळी घेतली तर रक्तपेशींची संख्या धोकादायक पातळीला उतरू शकते. दुकानाच्या काउंटरवर हे विचारायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही.

रिपोर्ट वाचताना

‘आर्थरायटिस प्रोफाइल’च्या पॅकेजमध्ये आरए फॅक्टर (रक्तातलं आणखी एक प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आला की घरात रडारड सुरू होते. आरए फॅक्टर काही निरोगी वयस्कर माणसांतही पॉझिटिव्ह असतो, हेपॅटायटिस सी आणि टीबीसारख्या आजारांतही येतो. अँटी-सीसीपी जास्त भरवशाची, पण तीही एकटी निदान करत नाही. निदान होतं ते सांधे हाताने तपासून. पावसाळ्यानंतर ताप येऊन दोन्ही हातांचे सांधे आखडले असतील तर चिकनगुनियाचा विचार आधी करायला हवा. तो हुबेहूब असाच दिसतो आणि काही जणांत महिनोन्‌महिने रेंगाळतो. सांधे दुखत नाहीत पण अँटी-सीसीपी वाढलेली आहे, असं असेल तर घाबरून गोळ्या घेऊ नयेत. सिगारेट सोडावी, हिरड्या तपासून घ्याव्यात, संधिवाततज्ज्ञांच्या नजरेखाली राहावं.

खुर्चीत बसण्याआधी काय सांगायचं

दातांच्या डॉक्टरांना ‘बीपी-शुगर?’ एवढंच विचारायची सवय असते. तुम्ही आपणहून सांगा. मेथोट्रेक्सेट, स्टिरॉइड, बायोलॉजिक (दाहाच्या ठरावीक घटकाला अडवणारं) इंजेक्शन, जे चालू असेल ते चिठ्ठीसकट. दाढ काढायची म्हणून यातलं काहीही स्वतःच्या मनाने थांबवू नका. मेथोट्रेक्सेट साधारणपणे थांबवावी लागत नाही. स्टिरॉइड एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. बायोलॉजिकच्या डोसचं वेळापत्रक मात्र कधी कधी पुढेमागे करावं लागतं, आणि ते संधिवाताच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन घेत असाल, किंवा आठवड्याची गोळी, तर ते सर्वांत आधी सांगा. अशा रुग्णांत दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा प्रकार क्वचित होतो. म्हणून शक्य असेल तर ते औषध सुरू करण्याआधीच दातांची कामं उरकून घ्यावीत.

आणि मान. जुन्या संधिवातात मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल झालेला असू शकतो. खुर्ची मागे करून मान टाकायला सांगितली आणि हातापायांत मुंग्या आल्या, तर लगेच थांबवा. मानेखाली उशी घेऊन, अर्धवट बसून काम करता येतं. जबड्याचा सांधा दुखत असेल तर एका बैठकीत सगळं आटोपायचा हट्ट नको. दुपारची, छोटी-छोटी अपॉइंटमेंट घ्यावी, तोवर सकाळचा ताठरपणा ओसरलेला असतो.

ब्रश हातात धरवत नसेल तर

आळशीपणा म्हणून ज्यावर बोललं जातं, ते पुष्कळदा बोटांचं दुखणं असतं. ब्रशच्या दांड्यावर फोमची नळी किंवा सायकलच्या मुठीचं रबर चढवा, जाड दांडा धरायला सोपा जातो. इलेक्ट्रिक ब्रश परवडत असेल तर तो चैनीत मोडत नाही. फ्लॉसचा दोरा बोटांना गुंडाळणं जमणार नाही, त्याऐवजी दातांच्या फटीत जाणारे बारीक इंटरडेंटल ब्रश घ्या. पेस्टच्या ट्यूबचं झाकण फिरवत नसेल तर घरच्या कोणीतरी रात्रीच झाकण सैल करून ठेवावं. सकाळी हात आखडलेले असतील तर कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून मग ब्रश करा, आणि निगुतीने घासण्याचं काम रात्रीवर ठेवा.

तोंड सतत कोरडं पडत असेल, डोळे चुरचुरत असतील, तर डॉक्टरांना सांगा. संधिवाताबरोबर काहींना लाळग्रंथी सुकण्याचा आजार होतो आणि त्यात दात मुळाशी झपाट्याने किडतात. तोंडात वारंवार छाले येत असतील तर ते हिरड्यांचं दुखणं नसून मेथोट्रेक्सेटचा परिणाम असू शकतो. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकतेय का, आणि आठवड्याची मेथोट्रेक्सेट कोणी चुकून रोज तर देत नाहीये ना, हे त्याच दिवशी बघा. रोज घेतली गेली असेल तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

खर्चाचा प्रश्न असेल तर नेरुळला आणि कामोठ्याला दंत महाविद्यालयं आहेत. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल थेट नेरुळला जाते. तिथे हिरड्यांचा, म्हणजे पेरिओडोंटिक्सचा, वेगळा विभाग असतो. विद्यार्थी काम करतात म्हणून वेळ जास्त लागतो, पण शिक्षक देखरेखीला असतात आणि पॉकेटची मापं न मागता लिहून मिळतात. केसपेपरच्या रांगेत उभं राहायला घरचं कोणी सोबत न्या, आणि संधिवाताची फाइल पिशवीत असू द्या.